भंडाऱ्याचे दुसरे मत

१९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक बिडीमुळे लागली होती. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती जागा रिकामी का झाली, मत कसे टाकायचे होते आणि मतमोजणीने नेमके काय दाखवून दिले, हे जिल्ह्यातही आता फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते त्या पराभवाचा खरा अर्थ याच तपशिलात आहे.

भंडारा-गोंदियाच्या कितीतरी घरांची चूल बिडीवर पेटत आली आहे. तेंदूपत्ता रात्री पाण्याने ओला करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. सकाळी पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने माप कापायचे. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूटभर जर्दा पानावर सारखा पसरून बोटांनी पान वळायचे, वरचे तोंड दुमडून बंद करायचे आणि खालच्या निमुळत्या टोकाला सूत गुंडाळायचे. मजुरी हजाराच्या हिशेबाने. संध्याकाळी सट्टेदाराकडे, म्हणजे पेढी आणि मजूर यांच्यामधल्या ठेकेदाराकडे, माल गेला की तो बिड्या हातात घेऊन चाळतो आणि न पटलेल्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. पान आणि जर्दा मात्र कमी भरला तर तो मजुराच्या नावावर लागतो.

अशा हातांनी वळलेली बिडी दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही सैनिकांपर्यंत जात असे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी पेढीचे भागीदार होते आणि ही पेढी सैनिकांसाठी केंद्र सरकारला बिड्या पुरवत होती. सरकारशी माल पुरवठ्याचा करार चालू असलेल्या माणसाला लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने लोकसभेवर जाता येत नव्हते. मोरेश्वर परशराम यांनी निवडणुकीला आव्हान दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. जसानी अपात्र ठरले.

त्या निकालाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज छाननीतच बाद झाला होता. कारण असे दिले गेले, की ठवरे जन्माने महार असले तरी त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला आहे. हा पंथ जातिभेद मानत नाही आणि अनेक देवांची उपासनाही मानत नाही. म्हणून ते आता महार राहिले नाहीत. भंडाऱ्यात महानुभाव पंथ काही परका नव्हे. लीळाचरित्रात भेटणारे नीळभट्ट भांडारेकार याच भूमीचे नाव लावतात. आठशे वर्षांपूर्वी ज्या पंथाने जात ओलांडायला शिकवले, तो पंथ स्वीकारला म्हणून माणसाची जात गेली की राहिली, हा प्रश्न आता दिल्लीच्या न्यायालयापुढे होता.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूरचेच. सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यांनी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. जुना समाज त्या माणसाशी कसा वागतो, त्या माणसाचा स्वतःचा इरादा काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे यांना महार समाजाने टाकलेले नव्हते. त्यांची लग्ने महार मुलींशीच झाली होती. ते स्वतःला महारच म्हणवत होते. म्हणून त्यांचा अर्ज नाकारणे चूक ठरले आणि भंडाऱ्याची सगळी निवडणूकच रद्द झाली. दोन्ही जागा मोकळ्या झाल्या.

धर्मांतर केलेल्या माणसाची जात कोणती, या प्रश्नावर हा निकाल पुढे वकिलांनी वारंवार पुढे केला. ज्या जिल्ह्यातून तो प्रश्न निघाला, त्याच जिल्ह्यात तीन महिन्यांच्या आत बाबासाहेब मत मागायला आले. येवल्यात १९३५ साली धर्मांतराची घोषणा करून ते एकोणीस वर्षे विचार करत होते. आणखी अडीच वर्षांनी नागपूरला दीक्षा झाल्यावर गंगाराम ठवरे यांना विचारलेला प्रश्न भंडाऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक महारवाड्याला विचारला जाणार होता. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या कायद्याने मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांना भंडाऱ्याला का यावे लागले, हे समजायला मात्र थोडे मागे जायला हवे.

ब्रिटिश साम्राज्याच्या काळात त्यांची बरीचशी पदे नेमणुकीची होती. १९२७ साली मुंबईच्या विधान परिषदेवर ते नियुक्त सदस्य म्हणून गेले. लंडनच्या गोलमेज परिषदेला सरकारच्या निमंत्रणावरून गेले. निवडणुकीतला त्यांचा मोठा विजय १९३७चा. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते आणि तरी मुंबई प्रांतात त्याने उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले. त्यामागे कष्ट होते, संघटना होती आणि मतदानाचा एक नियमही होता. मुंबई प्रांतातल्या अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. संख्येने थोडा पण एकजुटीचा समाज आपला माणूस स्वतःच्या बळावर निवडून आणू शकत होता. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. भंडाऱ्याची सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

त्यांच्या कारकिर्दीतले साम्राज्याचे सर्वांत मोठे पद मिळायला जपानचे युद्ध कारण झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टण व काकीनाडा यांच्यावर जपानी बाँब पडले. ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स आले आणि हात हलवत परत गेले. हिंदुस्थानात आपल्याबरोबर कोणी आहे हे दाखवण्याची इंग्रजांना गरज होती, म्हणून जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ वाढवले गेले आणि बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच महिन्यात नागपूरला परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. भंडाऱ्याची माणसे त्या परिषदेला गेली नसतील असे होणार नाही. अंतर जेमतेम साठ किलोमीटरचे.

चले जाव आंदोलन सुरू होते. काँग्रेसचे नेते तुरुंगात होते आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात. तो डाग त्यांच्यावर कायमचा लावला गेला. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो आणि मी तसे वाटण्याचे कारण त्या चार वर्षांच्या कामात पाहतो. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांनी सुरू केली. कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधी उभा केला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा खाणीत काम करणाऱ्या बायांसाठी सुधारला. १९४६च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली.

बिडीशीही त्यांचा संबंध तिथेच येतो. १९४४ साली त्यांच्या खात्याने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. या समितीने देशातल्या धंद्यांची एकेक करून पाहणी केली आणि त्यात बिडीचा धंदाही होता. घरोघर विखुरलेले काम, सट्टेदाराची मध्यस्थी आणि छाटीच्या नावाखाली होणारी कापाकापी सरकारी कागदावर आली. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा होईपर्यंत १९६६ साल उजाडले, पण पाया तेव्हाचा.

त्या कारकिर्दीत एक निर्णय असा आहे की तो टाळून पुढे जाता येत नाही. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये बायांना जमिनीखाली खाणीत काम करायला असलेली बंदी उठवली गेली. सुरुवात आपल्या मध्य प्रांतापासूनच झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यावर टीकेची झोड उठली. बाबासाहेबांनी निर्णयाची बाजू मांडली. तो तात्पुरता आहे असे सांगितले आणि जमिनीखाली बायांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व मान्य झाले आहे, याकडे लक्ष वेधले. १९४६च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली. तरीही तो निर्णय व्हायला नको होता असे मला वाटते. युद्धाच्या सरकारात बसलेल्या माणसाला युद्धाचे हिशेबही सांभाळावे लागतात, आणि त्या हिशेबाची किंमत इथे खाणीत उतरणाऱ्या बायांनी दिली.

युद्ध संपले आणि नेमणुकीचे युगही संपले. १९४६च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. संविधान सभेवर बाबासाहेबांना बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने जावे लागले. फाळणीनंतर ती जागा राहिली नाही, तेव्हा काँग्रेसने त्यांना मुंबईतून आणले. कायदामंत्री म्हणून चार वर्षे गेली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून त्यांनी राजीनामा दिला. लगेच निवडणूक आली. उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेवर बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, अशी युती झाली. दोघेही पडले. नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. ७४,३३३ मते बाद झाली होती. ती मुद्दाम कुजवली गेली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. बाबासाहेब नंतर राज्यसभेवर गेले, पण लोकांच्या थेट मतांनी लोकसभेत बसण्याची त्यांची इच्छा सुटली नव्हती.

म्हणून भंडारा. तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मतदारसंघात आजचा गोंदियाही येत होता. तो वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. महार समाज मोठा, फेडरेशनची गावोगाव बांधणी, आणि नागपूर हाकेच्या अंतरावर. पुन्हा तीच जोडी ठरली. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, आता प्रजासमाजवादी पक्षाकडून. काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांना उभे केले.

बाबासाहेब त्रेसष्ट वर्षांचे होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि गुडघे साथ देत नव्हते. वैशाखाच्या उन्हात, जेव्हा भंडाऱ्याचा शेतकरीसुद्धा दुपारी बाहेर पडत नाही, तेव्हा ते सभा घेत होते. नेहरू सरकारच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावर त्यांनी टीका केली. तीच टीका ऑगस्टमध्ये त्यांनी राज्यसभेत आणखी सविस्तर केली.

आता मतदानाची रीत. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. दोन्ही मते एकालाच देण्याची १९३७ची मोकळीक आता नव्हती. त्या काळी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आत जायचे, एक कागद एका पेटीत आणि दुसरा दुसऱ्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती. अक्षरओळख नसलेली म्हातारी बाईही हत्ती ओळखत होती.

फेडरेशनच्या मतदारांनी एक कागद हत्तीला टाकला की दुसऱ्या कागदाचे काय करायचे, हा कार्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता. तो मेहतांना दिला तर मेहतांची मते वाढणार. पण मेहतांचे मतदार आपला दुसरा कागद हत्तीला टाकतील याची हमी कोण देणार? मुंबईचा अनुभव ताजा होता. कार्यकर्त्यांच्या आठवणींत असे येते, की काहींनी दुसरे मत वाया घालवायचा सल्ला दिला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला. ज्याने घटना लिहिली, त्याने मत जाळायला सांगायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या माणसांनी दोन्ही मते दिली.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब बोरकरांकडून ८,३८१ मतांनी पडले.

एकाच युतीचे दोन उमेदवार, एकाच दिवशी, त्याच मतदारांपुढे, आणि एक निवडून येतो, दुसरा पडतो. ज्यांनी पहिला कागद मेहतांना टाकला, त्यांतल्या हजारो हातांनी दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकला नाही. याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही. सवर्ण मतदाराला मेहतांचा समाजवाद चालला, पण त्याच्या शेजारी उभा असलेला घटनाकार चालला नाही.

हीच भीती बाबासाहेब १९३२ सालापासून मांडत होते. राखीव जागा असली आणि मतदान संयुक्त असले, तर अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे अस्पृश्य ठरवणार नाहीत, बहुसंख्य ठरवतील. पुणे करारात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडला आणि त्या बदल्यात प्राथमिक निवडणूक घेतली: आधी अस्पृश्य मतदारांनी चार नावे निवडायची, मग त्यांतून सर्वांनी एक. घटनेत ती प्राथमिक निवडणूकही उरली नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या पुस्तिकेत त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता. संविधान सभेने तो मान्य केला नाही, आणि जे ठरले त्याचा मसुदा त्यांनीच लिहिला. भंडाऱ्याला ते त्याच मसुद्याखाली उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा पुरावा त्यांच्याच पराभवातून मिळावा, हे या जिल्ह्याच्या इतिहासातले सर्वांत कडू पान आहे.

याच वेळी जपानात एका राजकारणी पुरुषाची कारकीर्द चालू होती. ती शेजारी ठेवली की भंडाऱ्याचा हिशेब जास्त स्पष्ट दिसतो. मात्सुमोतो जिइचिरो यांचा जन्म १८८७चा, फुकुओकाचा. ते बुराकू समाजातले. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे असली कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादली गेली, तो हा समाज. मेजी सरकारने १८७१ साली फतवा काढून त्यांची जुनी हीन नावे रद्द केली. वस्ती, लग्न आणि नोकरी यांतला विटाळ मात्र राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत या समाजाने सुईहेइशा ही समतेची संघटना स्थापन केली. काळ्या झेंड्यावर रक्तासारखा लाल काटेरी मुकुट हे तिचे निशाण. मात्सुमोतो १९२५ पासून तिचे अध्यक्ष. तुरुंगवासही भोगला. १९३६ साली ते फुकुओकातून साम्राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले.

ते निवडून कसे आले? जपानात १९२५ साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला तेव्हा मतदारसंघ तीन ते पाच जागांचे केले गेले, पण प्रत्येक मतदाराला मत एकच. बुराकू वस्त्या आणि कामगार यांनी आपले एकेक मत मात्सुमोतोंना दिले की ते निवडून येत. कोणा वरच्या वर्गाच्या दुसऱ्या मताची वाट पाहण्याची वेळच नव्हती. तिथे राखीव जागा एकही नव्हती. पण मत मोजण्याची रीत अशी होती की अल्पसंख्य माणसाला आपल्या बळावर उभे राहता येत होते. मुंबईत १९३७ला हेच वेगळ्या वाटेने घडले होते.

युद्धाने दोघांनाही अवघड जागी नेले. १९४२ साली मात्सुमोतो सरकारपुरस्कृत यादीतून निवडून आले, आणि १९४९ मध्ये अमेरिकी अंमलाखाली त्यांच्यावर पदबंदी आली. त्याआधी, १९४७ साली, नव्या राज्यघटनेखालच्या वरिष्ठ सभागृहाचे ते पहिले उपाध्यक्ष झाले होते. १९४८च्या जानेवारीत संसदेच्या उद्‌घाटनाला सम्राटापुढे जाऊन, पाठ दिसू नये म्हणून खेकड्यासारखे आडवे सरकत परत यायचे, ही दरबारी रीत त्यांनी पाळायला नकार दिला. सरळ चालणारा माणूस सम्राटापुढेही सरळच चालणार, असे त्यांनी कृतीने दाखवले. पदबंदी उठल्यावर ते परत निवडून आले आणि १९६६ला मृत्यू होईपर्यंत सभागृहात होते. बाबासाहेबांना लोकसभेचे दार शेवटपर्यंत उघडले नाही. दोघांच्या कर्तृत्वात डावेउजवे करण्याचा माझा हेतू नाही. मला दाखवायचा आहे तो फरक मत मोजण्याच्या नियमाचा.

भंडाऱ्याच्या निकालानंतर बाबासाहेब त्याच महिन्यात बुद्धजयंतीसाठी रंगूनला गेले, डिसेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी पुन्हा गेले. नंतर ते लोकसभेच्या कोणत्याही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि भंडाऱ्यातून बैलगाड्यांनी, रेल्वेने, पायी माणसे गेली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे निधन झाले. भंडाऱ्याच्या राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांच्यानंतर १९५५ साली अनुसयाबाई भाऊराव बोरकर लोकसभेत गेल्या. अशोक मेहता पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, मग केंद्रात मंत्री झाले. पंचायत राज्यावरचा १९७८चा अहवाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. दोन जागांचे मतदारसंघ संसदेने १९६१ साली कायदा करून बंद केले. राखीव जागेचा उमेदवार संयुक्त मतदानानेच निवडायचा, हे मात्र आजतागायत कायम आहे.

जपानशी जिल्ह्याचे नाते नंतर दुसऱ्या वाटेने जुळले. जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच तालुक्यात रुयाडला आता जपानी बौद्धांच्या साहाय्याने उभारलेला महास्तूप आहे आणि तिथे दरवर्षी हजारो लोक जमतात.

तिथे जमणाऱ्या तरुणांना माझी एक विनंती आहे. १९५४ साली मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळत असे. म्हणजे ज्यांनी त्या मे महिन्यात हत्तीच्या पेटीत कागद टाकला, ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. आपल्या आजीला, पणजोबाला, गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: सभा कुठे झाली, बाबासाहेब काय बोलले, दुसरा कागद कोणाला टाकला आणि तो टाकायला कोणी सांगितले. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून ठेवा. घरात पत्रके, फोटो, फेडरेशनच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात नेऊन द्या आणि पोच घ्या. हे काम या हिवाळ्यातच करा.